देवनागरीची ओळ आणि ग्रिडची शिस्त : मराठी मांडणीच्या शिक्षणाचा आढावा

प्रश्न कोणता

जालना जिल्ह्यात छापील मांडणीचे काम रोज होते. बियाण्याच्या पिशव्या, सळईच्या कारखान्यांची माहितीपत्रके, मोसंबीच्या खोक्यांवरची लेबले, लग्नपत्रिका, बिलबुके, शाळांची पत्रके, चौकाचौकांतले फ्लेक्स हे सगळे कोणीतरी संगणकावर बसून मांडलेले असते. हे काम करणारे अनेक जण दुकानातच शिकले आहेत. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात किंवा मुंबई-पुण्याला जाऊन शिकलेलेही काही आहेत. पान कसे बांधायचे, हा प्रश्न दोघांसमोर सारखाच असतो. त्याचे उत्तर मात्र त्यांना वेगवेगळ्या वाटांनी मिळते.

पान बांधण्याची जी पद्धत आज जगभर शिकवली जाते, ती ग्रिडची. पानाचे समास आधी ठरवायचे, उरलेल्या जागेचे उभे रकाने आणि आडवे पट्टे पाडायचे, रकान्यांमध्ये ठरावीक अंतर ठेवायचे आणि मजकूर, चित्र, आकडे, मथळे या चौकटींच्या कडांना धरून बसवायचे. वाचणाऱ्याला रेघा दिसत नाहीत. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीशी जोडलेली आहे, हे मात्र त्याला न सांगता कळते.

ग्रिड वापरावा की वापरू नये, हा वाद जुना झाला. आज खरा प्रश्न शिकण्याचा आहे. ग्रिड आधी शिकावा की अक्षर? वर्गात शिकावा की कामावर? आणि रोमन लिपीसाठी घडलेली मोजमापे देवनागरीला जशीच्या तशी चालतील का? या प्रश्नांवर आज कोण काय म्हणते, कशाचा निकाल लागला आहे आणि काय उरले आहे, ते इथे क्रमाने मांडले आहे.

पार्श्वभूमी : पोथीपासून संगणकापर्यंत

मराठी पानाला शिस्त युरोपातून आयात झाली, असे म्हणता येत नाही. हस्तलिखित पोथ्यांची आडवी पाने पाहिली तर दोन्ही बाजूंना समासाच्या उभ्या रेघा दिसतात, त्याही बहुधा लाल शाईच्या. ओळी सरळ याव्यात म्हणून दोरे ताणलेल्या पाटीवर कागद दाबून त्याच्यावर ओळींचे वळ उमटवत. लेखनिकाला ओळीची जागा आणि समासाची हद्द आधीच ठरवून मिळत असे.

छपाई आल्यावर ही शिस्त धातूत उतरली. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे शेजारी शेजारी वाचता यावीत, हे पंचांगाचे मूळ काम असते आणि रकान्यांशिवाय ते होत नाही. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारच्या दोन रकान्यांत असे. दोन लिपी एकाच पानावर कशा नांदवायच्या, हा आजच्या मांडणीकाराचा प्रश्न मराठी वृत्तपत्राने पहिल्याच अंकापासून हाताळला होता.

जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि देवनागरी खिळ्यांना रूप आणि बारकावा दिला. खिळेजुळणीत पानावरची मोकळी जागासुद्धा वस्तू असते. दोन शब्दांमध्ये धातूचा तुकडा, दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी, रकान्यांमध्ये रूळ. हे सगळे काटकोनात बसले नाही तर चौकट आवळताच येत नाही. त्यामुळे कंपोझिटरला ग्रिडचा सिद्धांत कोणी शिकवला नसला, तरी रकान्याची रुंदी ‘एम’ या छपाईच्या मापात मोजण्याची आणि ओळ पॉइंटमध्ये भरण्याची सवय हाताला लागत असे. देवनागरीत त्याचे काम आणखी अवघड होते. ‘डिग्री’ पद्धतीत वरच्या मात्रा, मधली अक्षरे आणि खालचे उकार यांचे थर वेगवेगळे जुळवावे लागत. ‘अखंड’ पद्धतीत मात्रेसह एकच खिळा असे, पण खिळ्यांची संख्या फार वाढे. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचे प्रयत्न केले ते याच अडचणीतून. या सगळ्या तंत्राचा सविस्तर लेखाजोखा बापूराव नाईक यांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडला. राज्याच्या भाषा संचालनालयाने तो १९७१ मध्ये प्रसिद्ध केला.

१९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ आले. वारांची सात घरे, प्रत्येक घरात मोठा दिनांक आणि त्याच्या भोवती तिथी, नक्षत्र, सण. मराठी घरांत रोज वाचला जाणारा हा ग्रिड आहे आणि तो कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

१९९० च्या दशकात डीटीपी, म्हणजे संगणकावर पान जुळवण्याचे तंत्र, आले. पेजमेकर, कोरल ड्रॉ, श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम प्रणाली यांनी छापखान्याचे काम तालुक्याच्या गावापर्यंत नेले. खर्च कमी झाला, वेळ वाचला आणि पूर्वी ज्यांना छापणे परवडत नव्हते त्यांनाही ते परवडू लागले. त्याचबरोबर धातूची सक्ती गेली. पडद्यावर कोणतीही गोष्ट कुठेही ठेवता येते, कितीही ताणता येते. जी शिस्त पूर्वी साधनातच होती, ती आता माणसाला शिकावी लागते. ग्रिडच्या शिक्षणाचा प्रश्न आपल्याकडे उभा राहतो तो इथून.

ग्रिडचा सिद्धांत आणि त्याची भारतातली वाट

जर्मनीत यान त्शिखोल्ड यांनी १९२८ च्या पुस्तकात नव्या मुद्रणकलेची बाजू मांडली. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडमध्ये, विशेषतः बाझेल आणि झुरिच इथे, तिला पद्धतीचे रूप आले. ‘नॉये ग्राफिक’ हे नियतकालिक १९५८ ते १९६५ या काळात या विचाराचे व्यासपीठ होते. १९६२ मध्ये कार्ल गेर्स्टनर यांनी ‘कॅपिटाल’ या नियतकालिकासाठी आखलेला ग्रिड अजूनही वर्गांत उलगडून दाखवला जातो. त्यांनी मजकुराची जागा ५८ भागांत वाटली आणि रकान्यांमध्ये दोन भागांचे अंतर ठेवले. असे केले की २८ भागांचे दोन, १८ चे तीन, १३ चे चार, १० चे पाच किंवा ८ चे सहा रकाने पडतात आणि प्रत्येक वेळी बेरीज नेमकी ५८ येते. एकाच पायावर पाच मांडण्या उभ्या राहतात. ग्रिड म्हणजे एकसुरीपणा, या समजाला हे गणित चांगले उत्तर आहे.

योझेफ म्युलर-ब्रॉकमन यांचे ग्रिडवरचे पुस्तक १९८१ चे. त्यात ८, २० आणि ३२ चौकटींचे ग्रिड पायरीपायरीने बांधून दाखवले आहेत. या पुस्तकातून घेण्याची मुख्य गोष्ट अशी की चौकटीची उंची ओळींच्या पटीत ठरते. ओळ हे एकक, चौकट हा तिचा गुणाकार. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

याला विरोधही स्वित्झर्लंडमधूनच झाला. बाझेलमध्ये वोल्फगांग वाइनगार्ट यांनी आपल्या अध्यापनातून काटेकोर चौकट मोडून दाखवली. अमेरिकेत १९९० च्या दशकात डेव्हिड कार्सन यांनी ‘रे गन’ मासिकात वाचनीयतेच्याच सीमा ताणल्या. दुसरीकडे मासिमो विन्येली यांनी १९७७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या पत्रकांसाठी एकच ग्रिड आखला आणि शेकडो वेगवेगळ्या पत्रकांना एक ओळख दिली. संकेतस्थळांच्या जगात २०११ मध्ये आलेल्या बूटस्ट्रॅपने १२ रकाने रूढ केले आणि २०१७ पासून ब्राउझरमध्येच ग्रिडची सोय आली. आज मोबाइलवरची बहुतेक पाने कुठल्या ना कुठल्या ग्रिडवर उभी असतात.

भारतात हा विचार संस्थांमधून आला. अमेरिकी डिझाइनर ईम्स दांपत्याच्या १९५८ च्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. आर्मिन हॉफमन आणि एड्रियन फ्रुटिगर या स्विस परंपरेतल्या शिक्षकांचा तिच्याशी त्या दशकात संबंध आला. १८५७ पासूनच्या सर जे. जे. कला शाळेच्या परंपरेतून मुंबईत उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले. तिथे र. कृ. जोशी यांनी भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेचा अभ्यास पुढे नेला. विंडोजवरचा ‘मंगल’ हा टंक त्यांच्याच हातचा. २००८ पासून होणाऱ्या टायपोग्राफी दिनाच्या परिषदांनी या अभ्यासाला नियमित मंच दिला.

चार भूमिका

ग्रिड कसा शिकावा, यावर आज मराठी मांडणीच्या क्षेत्रात ढोबळमानाने चार भूमिका दिसतात.

पहिली भूमिका : आधी ग्रिड. संस्थांमधल्या अभ्यासक्रमांचा कल इकडे असतो. विद्यार्थ्याला सुरुवातीला एकच टंक, एक-दोन आकार आणि काळा-पांढरा रंग एवढेच देतात आणि त्याच मजकुराच्या अनेक मांडण्या करायला लावतात. साधने कमी असली की नजर मोकळ्या जागेकडे, कडांकडे आणि प्रमाणांकडे जाते. या भूमिकेचे बळ असे की ती शिकवता येते, तपासता येते आणि दहा जण मिळून एक मोठे काम करत असतील तर सगळ्यांचे काम एकमेकांशी जुळते. पाठ्यपुस्तक, वृत्तपत्र किंवा सरकारी अर्ज अशी कामे याशिवाय होत नाहीत. आक्षेप असा की मजकूर समजून घेण्याआधीच रकाने पाडण्याची सवय लागते आणि सगळी पाने एकसारखी दिसू लागतात.

दुसरी भूमिका : आधी अक्षर. महाराष्ट्रातली अक्षरकलेची परंपरा समृद्ध आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची जी शीर्षके रेखाटली, त्यात नाटकाचा स्वभाव अक्षरांतच उतरलेला असे. अच्युत पालव यांनी सुलेखन वर्ग-कार्यशाळांतून गावोगावच्या मुलांपर्यंत नेले. या परंपरेतले शिक्षक म्हणतात की अक्षराचे वजन, त्याच्या पोटातली मोकळी जागा आणि दोन अक्षरांमधला श्वास ज्याला कळला, त्याला पान आपोआप कळू लागते. ग्रिड नंतर आला तरी चालतो. या भूमिकेमुळे मराठी मांडणीला चेहरा मिळाला. तिची मर्यादा लांब मजकुरात दिसते. शीर्षक, मुखपृष्ठ आणि पोस्टर इथपर्यंत नजर पुरते. दोनशे पानांच्या पुस्तकात किंवा चाळीस आकड्यांच्या तक्त्यात पद्धत लागते.

तिसरी भूमिका : आधी काम. डीटीपीचे दुकान, छापखाना आणि फ्लेक्सची यंत्रे हीच शाळा. मुलगा किंवा मुलगी आधी टाइपिंग शिकते, मग जुन्या फाइलमध्ये नावे बदलते, मग स्वतः पत्रिका मांडते. या वाटेने शिकणाऱ्याला कागद, शाई, घडी, कटिंग आणि गिऱ्हाइकाचा स्वभाव या गोष्टी पहिल्या महिन्यापासून कळतात. डेमी अष्टमांश पुस्तकाचा फर्मा कसा घडी पडतो, हे त्याला वर्गातल्या विद्यार्थ्याच्या आधी माहीत असते. या भूमिकेचे समर्थक वेळेचा मुद्दा पुढे करतात. लग्नसराईत एका दिवसात अनेक पत्रिका द्यायच्या असतात, तेव्हा तयार नमुनाच कामाला येतो. कॅन्व्हासारख्या साधनांनी हे आणखी सोपे केले आहे. आक्षेप असा की नमुना वापरता येतो, पण त्याचे कारण कळत नाही. मजकूर नमुन्यापेक्षा लांब निघाला की अक्षरे आडवी दाबली जातात किंवा समास खाल्ला जातो.

चौथी भूमिका : आधी लिपी. हा विचार गेल्या काही दशकांत आकाराला आला. ग्रिड हवा, पण तो रोमन लिपीच्या मापांवर न बेतता देवनागरीच्या रचनेतून काढावा, असे तिचे म्हणणे. त्यासाठी आवश्यक पायाभूत काम झालेले आहे. एस. व्ही. भागवत, बापूराव नाईक आणि पुढे गिरीश दळवी यांच्या अभ्यासात देवनागरी अक्षराच्या आडव्या रेषा नावानिशी वेगळ्या केल्या आहेत. वर रफाराची आणि मात्रेची रेषा, मग शिरोरेषा, अक्षराच्या अंगातल्या मधल्या रेषा, खाली पायाची आणि उकाराची रेषा. ‘एक टाइप’सारख्या संस्थेने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ यांसारखे खुले टंक उपलब्ध केले आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही चांगला युनिकोड टंक विनामूल्य मिळू लागला. या भूमिकेची अडचण तिच्या नवेपणात आहे. तत्त्व पटते, पण रोजच्या कामात वापरता येतील अशी सोपी मापे अजून सर्वांच्या हाती आलेली नाहीत.

देवनागरीत अडचण नेमकी कुठे येते

रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकतात. आपल्या शाळांत हे वह्यांमधूनच शिकवले जाते. मराठीसाठी दुरेघी, इंग्रजीसाठी चौरेघी. म्युलर-ब्रॉकमन यांचा ग्रिड मात्र पायाच्या रेषेवर बांधलेला आहे आणि मांडणीची सॉफ्टवेअरही तीच रेषा धरतात. चित्राची वरची कड शेजारच्या ओळीशी जुळवायची असेल, तर रोमनमध्ये ती मोठ्या अक्षराच्या माथ्याशी जुळवतात. देवनागरीत ती शिरोरेषेशी जुळवायची की तिच्या वरच्या वेलांटीशी? शिरोरेषेशी जुळवली तर डोळ्याला सरळ दिसते, कारण शिरोरेषा ही पानावरची सर्वांत ठळक आडवी रेघ असते. अनुभवी मांडणीकार तसेच करतात. सॉफ्टवेअर मात्र ते आपोआप करून देत नाही.

दुसरा मुद्दा ओळींमधल्या अंतराचा. रोमनमध्ये १० पॉइंटच्या अक्षराला १२ पॉइंटची ओळ ही रूढ जोडी आहे. ‘मूर्ती’ या शब्दात वर वेलांटी आणि रफार, खाली दीर्घ ऊकार, सगळे एकत्र येते. अनेक टंकांत १२ पॉइंटच्या ओळीत असा शब्द वरच्या किंवा खालच्या ओळीला भिडतो. म्हणून मराठी ओळीला जास्त जागा लागते आणि त्यामुळे पानावरच्या ओळी कमी होतात. उदाहरणार्थ, ए-४ कागदाची उंची सुमारे ८४२ पॉइंट. ओळ १८ पॉइंटची धरली आणि ३९ ओळींचा मजकूर घेतला तर ७०२ पॉइंट लागतात आणि वर-खाली समासाला १४० पॉइंट उरतात. या ३९ ओळींत नऊ-नऊ ओळींच्या चार आडव्या चौकटी आणि त्यांच्या मध्ये एकेक ओळीची तीन अंतरे नेमकी बसतात. असे गणित प्रत्येक मराठी पानासाठी नव्याने करता येते. इंग्रजी पुस्तकातले आकडे उचलून मात्र ते होत नाही.

तिसरा मुद्दा ओळीच्या लांबीचा. रोमन मजकुरासाठी एका ओळीत ४५ ते ७५ अक्षरे असावीत, असा नियम रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांच्या पुस्तकामुळे सर्वत्र रूढ झाला. मराठीत अक्षर मोजायचे कसे? ‘स्त्री’ हे वाचताना एक अक्षर, युनिकोडमध्ये सहा चिन्हे. शिवाय मराठी शब्दाला विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये चिकटतात. ‘जिल्हाधिकाऱ्यांकडून’ किंवा ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ असा शब्द वृत्तपत्राच्या अरुंद रकान्यात आला आणि मजकूर दोन्ही कडांना ताणलेला असला, तर ओळीत दोनच शब्द राहतात आणि मध्ये भगदाड पडते. डावी कड सरळ ठेवून उजवी मोकळी सोडावी, रकाना रुंद करावा की शब्द तोडण्याचे नियम ठरवावेत, यावर एकमत नाही.

जालन्यातली उदाहरणे : पिशवी, उतारा, पत्रिका

ही चर्चा तात्त्विक राहू नये म्हणून जिल्ह्यातलीच तीन छापील कामे पाहू.

जालना बियाणे उद्योगाचे केंद्र झाले ते बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या महिको या बियाणे कंपनीपासून. बियाण्याच्या पिशवीची मांडणी हा इथला रोजचा व्यवसाय आहे. १९६६ च्या बियाणे कायद्याने आणि १९६८ च्या नियमांनी पिशवीवर वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख, वैधता आणि वजन ही माहिती आवश्यक केली. खूणचिठ्ठीचा रंगही ठरलेला : पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा, सत्यतादर्शकला हिरवट. पिशवीच्या पुढच्या बाजूला पिकाचे चित्र आणि वाणाचे नाव मोठे असणे व्यापाराला हवे असते. शेतकऱ्याला मात्र मागची माहिती पेरणीच्या दिवशी वाचायची असते आणि उगवण झाली नाही तर तक्रारीसाठी तीच पुरावा ठरते. ही माहिती एका रकान्यात, नाव डावीकडे आणि आकडा उजवीकडे, ठरावीक ओळीवर बसवली तर ती वाचता येते. इथे ग्रिड सौंदर्यापुरता राहत नाही, तो शेतकऱ्याच्या हक्काला उपयोगी पडतो.

दुसरे उदाहरण सातबाराचे. गाव नमुना ७ आणि १२ मिळून होणारा हा उतारा म्हणजे ग्रामीण महाराष्ट्राने सर्वांत काळजीने वाचलेले कोष्टक. २०२० मध्ये त्याच्या नमुन्यात बदल झाले. खातेदारांच्या नावांमध्ये ठिपक्यांची रेघ आली, जुने फेरफार क्रमांक वेगळ्या रकान्यात गेले, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख दिसू लागली. यातला प्रत्येक बदल मांडणीचा आहे आणि प्रत्येकाचा हेतू एकच : कोणती नोंद कोणाची, हे गोंधळ न होता कळावे. मांडणी शिकणाऱ्याने जुना आणि नवा उतारा शेजारी ठेवून पाहिला, तर ग्रिड कशासाठी असतो हे त्याला परदेशी उदाहरणाशिवाय समजेल.

तिसरे उदाहरण लग्नपत्रिकेचे आणि चौकातल्या फ्लेक्सचे. मराठवाड्यातल्या पत्रिकेत निमंत्रक, आपले विनीत, व्यवस्थापक, मामा, प्रेषक अशा याद्या असतात आणि त्यांत नावांचा क्रम मानाचा असतो. फ्लेक्सवर वरच्या ओळीत नेत्यांचे फोटो, खाली कार्यकर्त्यांचे, तेही ज्येष्ठतेनुसार. ग्रिडच्या समर्थकांना इथे पद्धतीची गरज दिसते, कारण साठ नावे सारख्या अंतरावर बसवायची तर रकाने हवेतच. आक्षेप घेणारे म्हणतात की मानपानाचा क्रम रोज बदलतो, शेवटच्या क्षणी नाव वाढते आणि काटेकोर चौकट मोडते. दोन्ही म्हणणी अनुभवातून आलेली आहेत. एक मधला उपाय अनेकांनी काढला आहे : याद्यांसाठी मोकळी ठेवलेली, खाली वाढू शकणारी चौकट आणि बाकीचे पान पक्के.

शिकण्याची साधने आज कोणती

ग्रिडचा पाया जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला अगदी नवा नसतो. शाळेत दिल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांत संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे विषय असतात. भूमितीच्या पेपरात तो रेघेचे समान भाग पाडतो, अक्षरलेखनात अक्षरे ठरलेल्या उंचीत बसवतो. शासकीय टंकलेखन परीक्षेत पत्र आणि तक्ता ठरलेल्या समासात मांडावा लागतो. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या घरात तर समान अंतराच्या ठिपक्यांवर मोकळी रेघ कशी खेळवायची, हे हाताला माहीत असते. ही कौशल्ये सुटी सुटी शिकवली जातात आणि पानाच्या मांडणीशी त्यांचा संबंध कोणी जोडून देत नाही, ही खरी उणीव आहे.

औद्योगिक प्रशिक्षणाच्या व्यवसायांत डीटीपी ऑपरेटरचा अभ्यासक्रम आहे. त्यात सॉफ्टवेअर हाताळणे मुख्य असते. ग्रिडवरची मूळ पुस्तके इंग्रजी आणि जर्मनमध्ये आहेत आणि त्यांतली बहुतेक उदाहरणे रोमन लिपीची. इंटरनेटवर इंग्रजी-हिंदी व्हिडिओ भरपूर मिळतात, पण तेही बहुधा साधन कसे चालवायचे एवढेच सांगतात. त्यात जुन्या टंकांची अडचण आहे. अनेक दुकानांतल्या फाइल्स युनिकोडपूर्व टंकांत आहेत. तो मजकूर दुसऱ्या टंकात नेला की अक्षरे बिघडतात. त्यामुळे ओळीची उंची बदलून पाहण्याचा साधा प्रयोगही शिकणारा टाळतो.

निकाल न लागलेले प्रश्न

पहिला, एककाचा. मराठी ग्रिड पायाच्या रेषेवर बांधावा की शिरोरेषेवर? मराठी-इंग्रजी पानावर कोणत्या लिपीची रेषा प्रमाण मानावी?

दुसरा, समान आकाराचा. २०२२ च्या दुरुस्तीने राज्यातल्या दुकानांच्या पाट्यांवर देवनागरीतली मराठी अक्षरे आधी असावीत आणि ती इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे बंधन आले. पण दोन लिप्यांचा आकार मोजायचा कसा? टंकाचा पॉइंट सारखा असूनही दिसणारी उंची वेगळी असू शकते. शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजायचे की वेलांटीपासून उकारापर्यंत, यावर पाटी रंगवणारे आणि आखणारे यांच्यात एकवाक्यता नाही.

तिसरा, मोबाइलचा. निमंत्रणे आता फोनवर फिरतात. अरुंद पडद्यावर बहुधा एकच रकाना उरतो. तिथे ग्रिडचा भर उभ्या रकान्यांवरून आडव्या लयीवर, म्हणजे ओळींच्या आणि परिच्छेदांच्या अंतरावर सरकतो. या लयीची मराठी मापे ठरायची आहेत.

चौथा, मूल्यमापनाचा. वर्गात ग्रिड नीट आखला की गुण मिळतात. वाचणाऱ्याला हवी ती माहिती किती लवकर सापडली, हे क्वचितच पाहिले जाते. मांडणी चांगली की वाईट, हे ठरवण्याची कसोटी आखणीची असावी की वाचनाची?

पाचवा, तयार नमुन्यांचा. नमुना शिकण्याची पहिली पायरी होऊ शकतो, हे बहुतेकांना मान्य आहे. त्यावरून पुढे जाण्याची दुसरी पायरी कोणी घडवायची, यावर शिक्षक आणि दुकानदार एकमेकांकडे बोट दाखवतात.

निष्कर्ष

चारही भूमिका शेजारी ठेवल्या तर त्यांच्यात दिसतो तेवढा विरोध नाही. ग्रिड पद्धत देतो, अक्षर नजर देते, काम व्यवहार शिकवते आणि लिपी माप पुरवते. वाद क्रमाचा आहे. उपलब्ध अनुभव पाहता मराठीसाठी एक क्रम जास्त सयुक्तिक वाटतो : आधी मजकूर वाचून त्यातले नातेसंबंध ओळखणे, मग देवनागरीची एक ओळ नीट बसवणे, मग त्या ओळीच्या पटीत चौकटी पाडणे आणि शेवटी रकाने. युरोपीय पुस्तकांतही ओळ हेच एकक आहे. आपण रकान्यांपासून सुरुवात करतो आणि ओळ इंग्रजीकडून उसनी घेतो, म्हणून पान बिघडते.

यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहण्याची गरज नाही. जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांनी रेखाकला परीक्षेच्या भूमितीला आणि अक्षरलेखनाला एका छापील पानाच्या सरावाची जोड द्यावी. छापखान्याच्या मालकांनी नव्या मुलाला नमुन्याबरोबर त्यामागची मापेही सांगावीत. आणि मराठी टंक व मांडणीचे जाणकार, शिक्षक, संस्था यांनी मिळून बियाण्याची पिशवी, सातबारा, पत्रिका आणि पाटी यांची उदाहरणे असलेले, देवनागरीच्या मापांचे एक छोटे मराठी पाठ्यपुस्तक तयार करावे. जालन्यातल्या टेबलावर बसून पान मांडणाऱ्याला आज सर्वांत जास्त त्याचीच गरज आहे.